हेल्गेलांड ते लोफोटेन : बाबा, मी आणि फेरीबोटी

बाबा एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, बहुतेक काळ गुहागर डेपोला. जूनमध्ये ते पहिल्यांदा माझ्याकडे नॉर्वेला आले. आई ताईच्या बाळंतपणासाठी पुण्यात अडकलेली, त्यामुळे आम्ही दोघंच. ट्रॉनहाइमच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात चौथ्या दिवशीच ते खिडकीत उभे राहून खालच्या बसेस मोजायला लागले, तेव्हा मी ठरवलं की यांना रस्त्यावर न्यायचं. आणि रस्ता म्हणजे १७ नंबरचा. स्टाइनशेरपासून बोडोपर्यंत नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणारा हा रस्ता सुमारे ६५० किलोमीटरचा आहे आणि सहा ठिकाणी समुद्र त्याला तोडतो. तिथे गाडी फेरीबोटीत घालायची आणि पलीकडे उतरून पुन्हा त्याच रस्त्याला लागायचं. घाई असलेले लोक आतल्या बाजूच्या ई-६ महामार्गाने जातात. आम्हाला घाई नव्हती.

दिवस पहिला

तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, गॅसची शेगडी, भाजणी, मेतकूट, तांदूळ. बाबांनी आपल्या बॅगेतून सुतळीचा एक गुंडा काढून सामानात टाकला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "लागते."

स्टाइनशेरनंतर फाटा घेतला आणि ट्रकांची वर्दळ संपली. होल्मला पहिली फेरी. धक्क्यावर रंगवलेल्या रांगा होत्या, आमच्या पुढे दोन गाड्या आणि एक दुधाचा टँकर. तिकिटाची खिडकी नाही. बोटीवर गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागाहून येतं. बोट आली, तिचं तोंड वर उचललं गेलं, आतल्या गाड्या उतरल्या आणि नारिंगी जॅकेटातल्या माणसाने आम्हाला हात केला. मी गाडी सुरू केली, तेवढ्यात बाबांनी हातातल्या स्टीलच्या थर्मासवर अंगठीने दोनदा वाजवलं. टण टण.

डबल बेल! जन्मभर ती त्यांनी ऐकली. द्यायचा हक्क कंडक्टरचा. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीवर चढताना त्यांनी डबल बेल दिली आणि ती मिळाल्याशिवाय मी क्लच सोडला नाही.

वेनेसुंदला उतरून ब्रोनोयसुंडच्या अलीकडे तंबू ठोकला. रात्रीचे अकरा वाजले तरी पेपर वाचता येईल एवढा उजेड. बाबा डोळ्यांवर पंचा बांधून झोपले.

दिवस दुसरा

टोर्गहाटेन हा डोंगर टोपीसारखा दिसतो आणि त्याला आरपार भोक आहे. १६० मीटर लांब, ३५ मीटर उंच, २० मीटर रुंद. हिमयुगाच्या काळात समुद्राची पातळी या उंचीला होती. लाटांनी आणि बर्फाने खडकातली भेग कोरत नेली. मग वरचा बर्फ वितळला, त्याच्या ओझ्याखाली दबलेली जमीन हळूहळू वर आली आणि भोक समुद्रापासून शंभराहून अधिक मीटर उंच जाऊन बसलं. वर चढायला अर्धा तास पुरतो. बाबांना पाऊण लागला, कारण ते दर वळणावर थांबून खालची बेटं बघत होते.

इथल्या लोकांकडे या भोकाची गोष्ट आहे, आणि ती एका डोंगरात मावत नाही. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांचा राजा वोगाकालेन. त्याचा उनाड मुलगा हेस्टमानेन, म्हणजे घोडेस्वार. एका रात्री त्याने लेकामोया या मुलीला सात बहिणींबरोबर आंघोळ करताना पाहिलं आणि तो घोड्यावरून मागे लागला. सगळ्या दक्षिणेकडे पळत सुटल्या. सात बहिणी दमून वाटेत पडल्या, लेकामोया धावतच राहिली. ती हाती लागत नाही म्हटल्यावर त्याने बाण सोडला. सोम्नाच्या राजाने ते पाहून आपली टोपी मध्ये फेकली, बाण टोपीतून आरपार गेला, मुलगी वाचली. तेवढ्यात सूर्य उगवला आणि जो जिथे होता तिथे दगड झाला. टोपी म्हणजे टोर्गहाटेन. बाकीची बहुतेक मंडळी आमच्या रस्त्यावर पुढे भेटणार होती.

भोकाच्या तोंडाशी बसून मी ही गोष्ट सांगितली. बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे आपण गोष्टीत उलटे चाललोय. शेवटाकडून सुरुवातीकडे." मला हे सुचलं नव्हतं.

दुपारी होर्नच्या धक्क्यावरून वेगा बेटाची फेरी घेतली.

दिवस तिसरा

वेगाच्या भोवती साडेसहा हजारांच्या आसपास बेटं आणि खडक आहेत. २००४ साली युनेस्कोने या द्वीपसमूहाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते नुसत्या देखाव्यासाठी नाही. इथली माणसं आणि आयडर नावाची समुद्री बदकं यांच्यात शतकानुशतकं चालत आलेला एक व्यवहार आहे. बदकं रानटीच, पिंजरा नाही की दावं नाही. वसंतात ती समुद्रातून किनाऱ्यावर येतात, तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी दगडांची आणि लाकडांची छोटी घरं बांधून, आत वाळवलेलं समुद्री गवत पसरून ठेवलेलं असतं. मादी अंडी घालते आणि स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपसून घरट्याला अस्तर लावते. जेवढे दिवस ती बसलेली, तेवढे दिवस माणसं राखण करतात. कुत्रा मोकळा सोडत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत. पिल्लं घेऊन मादी समुद्रात परत गेली की मगच घरट्यातली पिसं उचलायची. तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर ती छेडून छेडून कचरा काढायचा. एका दुलईला साठ-सत्तर घरट्यांची पिसं लागतात. पुरुष मासेमारीला गेलेले असायचे, त्यामुळे हे काम मुख्यतः बायकांचं होतं आणि त्याचा पैसाही घरात येत असे.

संग्रहालयात त्या चौकटीसमोर बाबा बराच वेळ उभे होते. "पिंजाऱ्याची धनुकली," ते म्हणाले. लहानपणी गावात कापूस पिंजायला येणाऱ्या माणसाच्या धनुकलीचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला.

आदल्या रात्री वाऱ्याने तंबूचा एक दांडा मोडला होता. बाबांनी त्याला पळीचा दांडा लावून सुतळीने असा आवळला की पुढचे आठ दिवस तो हलला नाही. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो. वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही आणि मागे काही ठेवायचं नाही. बाबांचा यावर विश्वास बसत नव्हता. रोज संध्याकाळी ते विचारत, "कुणाला सांगायला नको? नक्की?" आणि रोज सकाळी खुंट्यांची भोकं बुटाने दाबून, गवत हाताने उभं करून मगच गाडीत बसत.

दिवस चौथा

आज तीन फेऱ्या. वेगाहून परत होर्न, तिथून आन्दाल्सवोगेन आणि मग फोरविक ते ट्योटा. फोरविकची फेरी चार मिनिटांनी चुकली. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा ती तोंड मिटून वळत होती. पुढची दोन तासांनी.

मी वेळापत्रक बघून चिडले, बाबा नाही. त्यांनी शेगडी काढली, वाऱ्याला पाठ करून दगडांच्या आडोशाला पिठलं टाकलं. शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा गळ टाकून बसला होता. त्याला भाजणीचं थालीपीठ दिलं, त्याने मान हलवून खाल्लं आणि थोड्या वेळाने एक चंदेरी सेई मासा आणून बाबांच्या पायाशी ठेवला. बाबांनी चाकू मागितला आणि तो मासा असा झटपट साफ केला की मुलगा हसायला लागला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

मग बाबा सांगायला लागले. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली, त्याआधी गुहागरहून दापोलीला गाडी न्यायची तर चिपळूणला वळसा. समोर खाडीपलीकडे दाभोळ दिसतंय, घरांची कौलं मोजता येतील एवढं जवळ, आणि आपण तासन् तास उलट्या दिशेला चाललोय. "समुद्र रोज दिसायचा गं. पण खिडकीतून. गाडी थांबवून पाय घातले असं कधी झालंच नाही. टाइम लागलेला असायचा." असं म्हणून त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि फोरविकच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले. पाणी बर्फासारखं होतं. ते मिनिटभर तसेच उभे होते, बाहेर आले आणि पुन्हा गेले.

पुढची फेरी आली तेव्हा मासा शिजून खाऊन झाला होता. ती चुकली नसती तर हा दिवस मला आठवलाच नसता.

ट्योटाला उतरल्यावर रस्त्यालगतच युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. २७ नोव्हेंबर १९४४ला रिगेल नावाच्या जहाजावर ब्रिटिश विमानांनी हल्ला केला. आत कोंडलेले बहुतेक जण जर्मनांचे युद्धकैदी होते, मुख्यतः सोव्हिएत सैनिक. अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, म्हणजे त्यांना सोडवू पाहणाऱ्या बाजूच्याच बॉम्बनी. गवत नीट कापलेलं, समोर शांत समुद्र. बाबांनी टोपी काढली. आम्ही काही बोललो नाही.

दिवस पाचवा

पाऊस. सात बहिणींचे सात सुळके, त्यांतला सगळ्यात उंच १०७२ मीटरचा, दिवसभर ढगांत. चढायचा बेत रद्द केला. हेल्गेलांडचा पूल ओलांडून लेवांग-नेस्ना फेरी घेतली आणि भिजलेला तंबू पुन्हा ठोकण्याऐवजी एका कॅम्पिंगच्या लाकडी खोलीत झोपलो. संध्याकाळी सातच्या सुमारास मागे वळून पाहिलं तर ढग कमरेपर्यंत उतरले होते आणि सातही जणी दूरवर ओळीने उभ्या होत्या.

दिवस सहावा

स्टोकवोगेनच्या पुढे समुद्रात हेस्टमानेन दिसला. खांद्यावरून झगा मागे उडालेला घोडेस्वार, बेटभर मोठा. आर्क्टिक वृत्ताची रेषा त्याच्याच बेटावरून जाते.

किलबोगहाम्न ते येक्टविक ही फेरी तासाभराची, आणि ती रेषा आपण पाण्यावर ओलांडतो. किनाऱ्यावर पृथ्वीच्या गोलाचा एक सांगाडा उभा आहे. बोटीवर तशी घोषणा झाली, लोक कठड्याशी आले. बाबांनी पंचांग मागितल्यासारखा माझा फोन मागितला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. "हे बघ, इथून पुढे आज सूर्य मावळत नाही." आई म्हणाली, "मग दिवा कधी लावायचा?" बाबांना उत्तर सुचलं नाही. पण त्या रात्री साडेसातच्या सुमारास, लख्ख उजेडात, त्यांनी शेगडीची ज्योत लावताना हात जोडले.

बोटीच्या उपाहारगृहात लेफ्से मिळाला. मऊ पातळ पोळी, आत ब्राउन चीजचा गोड रस. हे चीज म्हणजे दह्याच्या निवळीसारखं उरलेलं पाणी तासन् तास आटवून, त्यातली साखर तांबूस होईपर्यंत ढवळत राहून केलेलं. बाबांनी पहिल्या घासाला सांगितलं की हा खवा आहे, थोडा खारट झालेला. येताना त्यांनी दोन वड्या विकत घेतल्या, आईसाठी.

ओग्सकार्डेट-फोरोय ही दहा मिनिटांची शेवटची फेरी. थर्मासवर टण टण, आणि थर्मास खाली ठेवेपर्यंत आम्ही पलीकडे.

दिवस सातवा

स्वार्तिसेन हा नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा हिमनद. त्याची एंगाब्रेएन ही जीभ समुद्राच्या दिशेने उतरते. होलांडहून छोटी बोट दहा मिनिटांत फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडे सोडते, पुढे तीन किलोमीटर सपाट वाट तळ्यापर्यंत आणि मग घासून गुळगुळीत झालेल्या खडकांवरची चढण. शंभर वर्षांपूर्वी आजच्या तळ्याची जागा बर्फाखाली होती. आता तळं ओलांडून बरंच वर चढावं लागतं, तेव्हा कुठे निळा बर्फ हाताच्या टप्प्यात येतो. खडकांवर समांतर ओरखडे आहेत, कुणी भल्यामोठ्या कानशीने घासल्यासारखे. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं. मला तिथे उभं राहताना वाईट वाटत होतं. ज्या खडकावर मी उभी होते, तो माझ्या आजोबांच्या तरुणपणी कुणाला दिसलाच नसता.

याच बर्फाखाली, सुमारे दोनशे मीटर जाडीच्या थराखाली, बोगद्यात एक प्रयोगशाळा आहे. जलविद्युत प्रकल्पाचे बोगदे खणले म्हणून ती शक्य झाली. हे ऐकल्यावर बाबांना एकदम कोयनेचं आठवलं. अलोरे-पोफळीच्या रस्त्याने त्यांनी कित्येक वर्षं गाडी नेली. १९९९ साली कोयनेच्या जलाशयाला तळाशी छेद देऊन पाणी बोगद्यात घेतलं, ते लेक टॅपिंगचं तंत्र मूळ नॉर्वेचं. "त्या दिवसांत डेपोत सगळे तेच बोलत होते. नॉर्वे, नॉर्वे. तेव्हा काय माहीत, पोरगीच इकडे येईल."

दिवस आठवा

साल्टस्ट्राउमेन. दोन फियोर्डांना जोडणारी ही सामुद्रधुनी तीन किलोमीटर लांब आणि जेमतेम दीडशे मीटर रुंद. भरती-ओहोटीला दर सहा तासांनी सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी या फटीतून जातं. बाबांना घनमीटरात काही कळेना, म्हणून टीएमसीत काढलं : चौदा टीएमसी. कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे इथल्या पाण्याने ते दोन दिवसांच्या आत भरेल. हा हिशोब ऐकून ते खडकावर खालीच बसले.

वेळापत्रक बघून जोराच्या वेळी पोचलो होतो. पाणी उकळत नाही, पण उकळतंय असंच वाटतं. मध्येच एक गुळगुळीत चकती वर येते, फिरायला लागते, तिच्या कडेला भोवरा पडतो, खळ्ळ असा आवाज करत बुजतो आणि पुढे दुसरा. वेग ताशी वीस सागरी मैलांपर्यंत जातो. पूल डोक्यावर, समुद्रगरुड त्याहून वर. जोर ओसरेपर्यंत, म्हणजे दीड तास, आम्ही हललो नाही.

रात्री बोडोहून मोस्केनेसची फेरी. सव्वातीन तास, जवळजवळ शंभर किलोमीटर उघडा समुद्र. ही बोट वेगळीच, मोठी, डोलणारी. मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या हातभर वर होता, आणि समोर पाण्यातून लोफोटेनची करवत वर येत गेली. सगळे गाडीत किंवा खुर्च्यांवर झोपलेले. बाबा एकटे डेकवर, कानटोपी आणि माझ्या आईने विणलेला स्वेटर घालून.

दिवस नववा

राइनेच्या डोक्यावरचा राइनेब्रिंगेन ४४८ मीटर. पूर्वी ही वाट घसरडी आणि धोक्याची होती, चालणाऱ्यांच्या पायांनी डोंगर सुटत होता. मग नेपाळहून शेर्पा आले. हेलिकॉप्टरने वर टाकलेले दगड त्यांनी हाताने बसवले. १९७८ पायऱ्या. एकही दगड हलत नाही.

बाबा वर येतील याची मला खात्री नव्हती. ते सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी रायगडाची पद्धत काढली : शंभर पायऱ्या मोजायच्या, पाणी, पुन्हा शंभर. ते चढताना पायऱ्यांकडेच बघत होते. "बघ, प्रत्येक दगडाला आतल्या बाजूला किंचित उतार दिलाय. पाय घसरला तर डोंगराकडे पडेल, दरीकडे नाही." मी तिथून चार पायऱ्या खाली-वर करून पाहिलं. ज्यांनी त्या बसवल्या त्यांच्याविषयी ते वरपर्यंत बोलत राहिले. माथ्यावर पोचल्यावर बाकी सगळे फोटो काढत होते. खाली फियोर्ड, लाल घरं, पूल, हे सगळं त्यांनी पाहिलं, पण आधी शेवटच्या पायरीवर तळवा टेकवून नमस्कार केला.

दिवस दहावा

खाली गावात मासे वाळवायच्या लाकडी मांडवांचे सांगाडे रिकामे उभे होते. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून कॉड इथे अंडी घालायला येतो. फेब्रुवारीपासून तो शेपटीला शेपटी बांधून या मांडवांवर टांगतात. मीठ नाही, काही नाही, फक्त शून्याच्या आसपासचा वारा. मेपासून उतरवतात. मासा इटलीला जातो, मुंडकी नायजेरियाला. बाबांनी खांबाला नाक लावलं. "वलांडी," ते म्हणाले. बोंबील वाळवायची वलांडी, फक्त बांबूऐवजी गोल लाकडं. हर्णैला, दाभोळला गाडी लागली की उघड्या खिडकीतून हाच वास आत यायचा.

हेनिंग्सवेरपर्यंत गेलो, वोगाकालेन बघायला. गोष्टीतला बाप. उंच, काळा, डोक्यावर ढग. मुलगा इतक्या दक्षिणेला दगड होऊन बसलाय आणि हा इथे. बाबा बराच वेळ बघत होते. "याच्याकडे कुणी गेलं नसेल निरोप घेऊन," एवढंच म्हणाले.

दिवस अकरावा

परतीची फेरी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी ओ या गावी गेलो. नॉर्वेजियन लिपीत एका अक्षराचं नाव. ई-१० रस्ता इथे संपतो : एक छोटा बोगदा, पलीकडे वाहनतळ, आणि पुढे गाडीला वाट नाही. नकाशावर रस्ता संपलेला बाबांनी रात्रीच पाहून ठेवला होता. मी गाडी लावली. त्यांनी थर्मास उचलला आणि अंगठीने एकदाच वाजवलं.

गवतातून कड्यापर्यंत चालत गेलो. समोर खळाळणारा समुद्र, त्यापलीकडे वेरोय बेट निळं, अर्धवट. बाबांनी थर्मासमधला उरलेला चहा दोन झाकणांत ओतला आणि विचारलं, त्या बेटावर फेरी जाते का.